पावलं न दिसणारी चाल

ट्रक ग्लाइड करत नाही. हातगाडी करत नाही, घाईघाईने जिना उतरणारा माणूस करत नाही, बैल तर नाहीच नाही. इंग्रजीतलं हे क्रियापद सरसकट सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, ते आपली माणसं निवडून घेतं. हंसाला ते मिळतं, शिडाच्या होडीला मिळतं, बर्फावरच्या स्केटरला, गवतातून जाणाऱ्या सापाला, पायघोळ झग्यातल्या राणीला, गर्दीतून ट्रे सांभाळत जाणाऱ्या वेटरलाही. आणि भुताला तर हमखास. इंग्रजी कथांमधलं भूत सहसा चालत नाही. ते दालनातून ग्लाइड करत येतं आणि आलं तसंच भिंतीतून निघून जातं.

या सगळ्या मंडळींमध्ये समान काय आहे? वेग म्हणावा तर प्रत्येकाचा निराळा. डौल म्हणावा तर सापाला तो मान्य करायला सगळे तयार होणार नाहीत. मला एकच गोष्ट सापडते: यांची पावलं दिसत नाहीत. हंसाचे पाय पाण्याखाली असतात, राणीचे झग्याखाली. होडीला आणि सापाला ते नाहीतच, आणि भुताबद्दल एकमत नाही. वेटरचे पाय गर्दीआड गेलेले असतात, आपल्याला दिसतो तो फक्त डोक्यांच्या वरून सरळ रेषेत निघालेला ट्रे. स्केटरचे पाय मात्र उघड दिसतात, पण तो ते उचलताना दिसत नाही. म्हणजे हालचाल पोचते आपल्यापर्यंत, ती घडवणारी यंत्रणा पोचत नाही. ती दिसली की हे क्रियापद काढून घेतलं जातं. वेटर ठेचकाळला की तो चालायला लागतो.

ग्लाइडची भावंडं शेजारी उभी केली की हे जास्त स्पष्ट होतं. स्लाइडला पृष्ठभाग लागतो: खण सरकतो, मूल घसरगुंडीवरून खाली येतं, दोन वस्तू एकमेकींना घासतात. स्लिपमध्ये मर्जी नसते. पाय सटकतो, हातातून पेला निसटतो, तोंडून नको ते निघून जातं. स्किड तर गाडीचा ताबा सुटल्याची कबुलीच. फ्लोटमध्ये ताबा सुटलेला नसतो, पण दिशाही नसते. फुगा वारा नेईल तिकडे जातो. ग्लाइडला दिशा आहे, ताबा आहे, सातत्य आहे, आणि आवाज जवळजवळ नाही. आपण मराठीत प्रसंग पाहून काम भागवतो: होडी संथ सरकते, घार तरंगते, कुणी अलगद खोलीत येतं. ते पुरतं.

शब्द जुना आहे, जुन्या इंग्रजीपासूनचा. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ग्लाइटन. फ्रेंचांनी जर्मानिक मुळावरून आपलं ग्लिसे घडवलं आणि संगीतवाल्यांनी त्याला इटालियन शेपूट लावून ग्लिसांदो केलं. एके काळी याचा भूतकाळ ग्लोड असाही होत असे. आता तो कुणी वापरत नाही आणि त्याबद्दल मला फारसं वाईटही वाटत नाही.

व्युत्पत्तीपेक्षा मला वेगळीच गंमत वाटते. या क्रियापदाच्या बहुतेक व्याख्यांमध्ये ‘विनासायास’ किंवा त्याच अर्थाचा एखादा शब्द असतो. पण विनासायास कुणाला? बघणाऱ्याला. ‘ती ग्लाइड करत आत आली’ हे वाक्य सहज लिहिलं जातं. ‘मी ग्लाइड करत आत आले’ असं कुणी लिहिलं तर ती बाई स्वतःला आरशात बघत चालत होती अशी शंका येते. स्केटर आणि वैमानिक सोडले तर प्रथमपुरुषात हे क्रियापद फारसं शोभत नाही. ते बाहेरून लावायचं क्रियापद आहे. आतून काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हे मला नीट कळलं ते ग्लायडरमध्ये बसल्यावर. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दोन आसनी असेल तर पाहुण्याला बहुधा पुढे बसवतात आणि शिकवणारा मागे बसतो, त्यामुळे समोर कुणीच नसतं. काचेचा घुमट, त्यापलीकडे आकाश. मांड्यांमध्ये दांडी, पायाशी दोन पेडल. डाव्या बाजूला एक निळा दांडा आणि समोर एक पिवळी मूठ. पुढे एक छोटं इंजिनवालं विमान दोराने ओढून वर नेतं, सुमारे सहाशे मीटर उंचीवर मागच्याने ती पिवळी मूठ ओढली, खाली कुठेतरी ‘ठक्’ झालं, आणि दोर वळवळत पुढे निघून गेला. ओढणारं विमान एका बाजूला वळलं, आम्ही दुसऱ्या.

आता शांतता होईल अशी माझी समजूत होती. जमिनीवरून पाहिलेल्या प्रत्येक ग्लायडरने ती करून दिली होती. प्रत्यक्षात वारा सतत सूंऽऽ करत होता, वेग वाढला की तो आवाज चढे, कमी झाला की उतरे. व्हेरिओमीटर नावाचं एक उपकरण पीप-पीप करत होतं. वर चढत असलो की पीप-पीप घाईत, खाली जात असलो की कण्हल्यासारखा लांब सूर. आणि हादरे. गरम हवेचा स्तंभ, ज्याला ग्लायडरवाले थर्मल म्हणतात, त्यात शिरताना एक पंख अचानक वर उचलला जातो, कारण तोच आधी स्तंभात शिरलेला असतो. वैमानिकाने लगेच त्या उचललेल्या पंखाच्या दिशेने वळायचं आणि स्तंभातच गोल गोल फिरत राहायचं. पंख चांगले तिरके, खाली जमीन फिरतेय, पोटात ढवळतंय, आणि मागून प्रसन्न आवाजात: “मस्त मिळाला!”

घुमटाच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक छोटा धागा चिकटवलेला होता. लाखो रुपयांच्या विमानावर हा बोटभर धागा कशासाठी ते आधी कळेना. धागा सरळ मागे उडत असला की विमान हवेत नीट सरळ चाललंय. तो एका बाजूला कलला की शेपूट तिरकी झालीये, पायाने पेडल दाबून ती सरळ करायची. राइट बंधूही असा धागा वापरत, आणि त्याहून चांगलं साधन या कामासाठी अजून कुणी आणलेलं नाही. मागच्या माणसाचे पाय सतत, अगदी थोडे थोडे, हलत होते, कारण माझ्या पायाशी असलेली पेडलं त्याच्या पेडलांना जोडलेली असल्यामुळे तीही तशीच हलत होती. हात दांडीवर, तोही कधी स्थिर नाही. खाली मैदानात उभ्या असलेल्या माझ्या सोबत्यांनी उतरल्यावर सांगितलं की काय संथ, काय शांत, एखादं पान तरंगावं तसं दिसत होतं.

आणि हे सगळं चालू असताना आपण पडत असतो. ग्लायडिंगची ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्थिर हवेत ग्लायडर सतत खाली येत असतो. उंची खर्चून तो पुढे जातो. प्रश्न एवढाच, की एक मीटर उंचीच्या बदल्यात किती मीटर अंतर मिळतं. याला ग्लाइड गुणोत्तर म्हणतात. चांगल्या आधुनिक ग्लायडरचं ते चाळीस ते साठ असतं, म्हणजे एक किलोमीटर उंचीवरून चाळीस ते साठ किलोमीटर. प्रवासी जेट विमानाचं इंजिन बंद असताना साधारण पंधरा ते वीस. उडणारी खार, जिच्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो, तिचं दोनच्या आसपास. स्पेस शटल उतरताना साडेचारच्या घरात असे, म्हणजे वीटच म्हणायची, आणि तरी तिला धावपट्टीवर येण्याची संधी एकदाच मिळायची. वर राहायचं असेल तर ग्लायडरने अशी हवा शोधायची जी तो पडतोय त्याहून जास्त वेगाने वर चढतेय. चढणाऱ्या हवेत खाली पडत राहणं, एवढाच या कलेचा गाभा आहे.

या पडण्याला पहिल्यांदा कुणी पद्धतशीरपणे हात घातला असेल तर जर्मन अभियंता ऑटो लिलिएनथालने. त्याच्या आधी इंग्लंडमध्ये जॉर्ज केलीने १८५३ साली एक माणूस बसवून ग्लायडर सोडला होता, पण लिलिएनथालने १८९१ ते १८९६ या काळात सुमारे दोन हजार उड्डाणं केली. लहानपणापासून त्याने आणि त्याच्या भावाने करकोच्यांचं निरीक्षण केलं होतं. बर्लिनजवळ त्याने उड्या मारण्यासाठी एक कृत्रिम टेकडी उभारली. तो पंखांच्या मध्ये कोपरांवर लटकत असे आणि तोल सांभाळायला पाय आणि कंबर इकडून तिकडे झोकत असे. त्याचे फोटो आहेत, आणि त्या फोटोंची मौज अशी की त्यांत पाय दिसतात. वरचे पंख करकोच्याचे, खाली लटकणारा माणूस मात्र दाराच्या चौकटीला लोंबकळल्यासारखा, गुडघे एकीकडे, धड दुसरीकडे. हे ग्लायडिंगच होतं, पण ते फोटो बघून ‘विनासायास’ हा शब्द कुणाच्या मनात येणार नाही. ९ ऑगस्ट १८९६ रोजी पंखांवरून वाहणारी हवा तुटली, त्यांचा आधार गेला, तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याची सगळी उड्डाणं मिळून हवेतला वेळ जेमतेम काही तासांचा.

राइट बंधूंनी त्याच्यापासूनच सुरुवात केली. इंजिन लावण्याआधी १९०० ते १९०२ अशी तीन वर्षं ते अमेरिकेतल्या किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवरून ग्लायडर उडवत होते. इंजिनाचं विमान उडवून जगप्रसिद्ध झाल्यावरही ऑर्व्हिल १९११ मध्ये तिथे ग्लायडर घेऊन परत गेला आणि २४ ऑक्टोबरला ९ मिनिटं ४५ सेकंद हवेत राहिला. समोरून जोरदार वारा, तो टेकडीवर आपटून वर चढतोय, आणि त्या चढत्या वाऱ्यावर ऑर्व्हिल जवळजवळ जागच्या जागी. हा विक्रम दहा वर्षं टिकला. मग तो जर्मनांनी मोडला, आणि त्यामागे एक विचित्र कारण होतं: पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं घातली होती, त्यामुळे उडण्याची हौस असलेली तरुण मुलं १९२० पासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर जमायला लागली. बिनइंजिनाच्या उडण्याला तह आड येत नव्हता.

पण आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींपासून किती लांब असू शकतात याचं माझ्या माहितीतलं सर्वांत मोठं उदाहरण २३ जुलै १९८३ चं आहे. एअर कॅनडाचं १४३ क्रमांकाचं उड्डाण, नवंकोरं बोइंग ७६७, ४१,००० फुटांवर. विमानात ६९ माणसं. कॅनडा तेव्हा पौंडांकडून किलोकडे वळत होता, आणि हे विमान किलोत मोजणारं होतं. इंधनाचे काटे बंद असल्यामुळे टाकीतलं इंधन पट्टी घालून मोजलं गेलं आणि लिटरचं वजन करताना जुना, पौंडांचा आकडा वापरला गेला. हवं होतं २२,३०० किलो, भरलं गेलं २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहून कमी. आधी एक इंजिन गेलं, मग दुसरं. त्याबरोबर समोरचे पडदेही काळे झाले, कारण वीज इंजिनांवर चालायची. पोटाखालून एक छोटा पंखा बाहेर येऊन वाऱ्यावर फिरायला लागला आणि त्याच्या जोरावर सुकाणू कसंबसं हलत राहिलं.

कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवणारा होता. या प्रचंड यंत्राला कोणत्या वेगाने सोडलं तर ते सर्वांत लांब जाईल हे कुठल्या पुस्तिकेत नव्हतं. त्याने अंदाजाने २२० नॉट धरला. सहवैमानिक मॉरिस क्विंटालने किती अंतरात किती उंची गेली त्याचा हिशोब केला: गुणोत्तर साधारण बारा. विनिपेग शहराचा विमानतळ गाठता येणार नव्हता. क्विंटाल पूर्वी गिमली इथल्या हवाई दलाच्या तळावर होता, तिथली धावपट्टी जवळ होती. तो तळ बंद झालाय आणि धावपट्टीच्या एका भागावर मोटारींच्या शर्यती होतात हे त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशी तिथे शर्यतवाल्यांचा कौटुंबिक मेळावा होता.

जवळ आल्यावर कळलं की उंची फार जास्त आहे. इंजिन नाही, म्हणजे वर जाऊन पुन्हा येण्याचा प्रश्नच नाही. पिअर्सनने मग ग्लायडरवाल्यांची युक्ती वापरली: सुकाणू एकीकडे, पंख दुसरीकडे, म्हणजे विमान तिरकं, कुशीवर कललेलं, हवेला मुद्दाम आडवं धरलेलं. असं केलं की वेग न वाढता उंची झपाट्याने जाते. याला साइडस्लिप म्हणतात. त्या लोकरीच्या धाग्याला जे अजिबात खपत नाही, तेच. एका बाजूच्या प्रवाशांना खिडकीतून फक्त आकाश दिसत होतं, दुसऱ्या बाजूच्यांना फक्त जमीन. वेग कमी झाला तसा पोटाखालचा पंखाही मंदावला आणि सुकाणू जड झालं. हे सगळं आत.

बाहेर धावपट्टीवर मुलं सायकली चालवत होती. त्यांना काहीच ऐकू आलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतं. शंभर टनांच्या आसपासचं विमान आवाज न करता त्यांच्या दिशेने उतरत होतं. पुढचं चाक नीट अडकलं नव्हतं, ते मिटलं, नाक जमिनीला घासलं, टायर फुटले, आणि घासण्यामुळेच विमान मुलांपर्यंत पोचण्याआधी थांबलं. कुणीही दगावलं नाही. काही जणांना किरकोळ दुखापती झाल्या, त्या उतरल्यावर: नाक खाली आणि शेपूट वर राहिल्यामुळे मागच्या दारातली आणीबाणीची घसरगुंडी फार उभी झाली होती. ग्लाइडने एवढ्या जणांना सुखरूप आणलं आणि लागलं ते स्लाइडवर. त्या विमानाचं नाव तेव्हापासून ‘गिमली ग्लायडर’ पडलं. दुरुस्त होऊन ते २००८ पर्यंत प्रवासी नेत राहिलं.

खरं तर विमानतळावरच्या रोजच्या भाषेतही हा शब्द आहे, आणि तिथे तो सरळ सरळ खोटा आहे. उतरणाऱ्या विमानाला रेडिओ लहरींनी आखून दिलेल्या उतरत्या वाटेला ग्लाइड स्लोप म्हणतात. सहसा तीन अंशांची, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर उतरणारी. त्या वाटेवरून येणारी विमानं इंजिनं चालू ठेवून येतात, गुरगुरत, चाकं लोंबवत. पण शब्द चिकटला तो चिकटला.

आतून आणि बाहेरून या माझ्या सिद्धांताला मोडता घालणारे दोन पक्षी आहेत, ते लपवून ठेवणं बरं नाही. पहिला अँडीज पर्वतातला काँडोर. त्याच्या अंगावर यंत्रं बसवून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. उड्डाणाच्या एकूण वेळापैकी फक्त एक टक्का वेळ हे पक्षी पंख मारत होते. एका काँडोरने पाच तासांहून अधिक काळ, १७२ किलोमीटर, एकदाही पंख न फडफडवता काढले. दुसरा दक्षिणेच्या समुद्रांवरचा भटका अल्बट्रॉस, पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत साडेतीन मीटरपर्यंत. त्याच्या खांद्यात असा स्नायुबंध असतो की पंख पसरला की तो तसाच अडकून राहतो, धरून ठेवायला बळ लागत नाही. समुद्राच्या पाण्यालगत वारा मंद असतो आणि वर जोरात. अल्बट्रॉस वाऱ्याच्या तोंडावर चढतो, वरच्या जोरदार वाऱ्यात वळतो, वारा पाठीशी घेऊन खाली झेपावतो आणि लाटेच्या उंचीवर पुन्हा वळतो. प्रत्येक फेरीत वाऱ्याकडून थोडी ऊर्जा मिळते. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी ही युक्ती १८८३ मध्येच उलगडून दाखवली होती. आणि या सगळ्या वेळात त्या पक्ष्याच्या हृदयाचे ठोके बसून असताना असतात त्यांच्या जवळपासच राहतात. म्हणजे इथे आतही शांत, बाहेरही शांत.

पण त्याच अभ्यासांत पुढचंही लिहिलेलं आहे. काँडोरच्या पंख मारण्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग हवेत उठतानाचा. अल्बट्रॉसचे ठोकेही उठताना आणि उतरताना सर्वांत जास्त. जमिनीवर उतरताना तर तो अनेकदा तोंडावर आपटून कोलांटी खातो. पक्षीप्रेमी याचे व्हिडिओ मोठ्या आवडीने एकमेकांना पाठवतात. मला ते बघवत नाहीत असं म्हणायला हवं, पण मी बघते.

माणसांत हा भास सर्वांत काटेकोरपणे तयार करणारी मंडळी नर्तक. रशियात नादेज्दा नादेज्दिनाने १९४८ मध्ये बेर्योझ्का नावाचं नृत्यपथक स्थापन केलं. बायकांची रांग रंगमंचावर येते, जमिनीला टेकणारे लांब पोशाख, हात स्थिर, डोकी एका पातळीत, आणि सगळी रांग रुळांवर असल्यासारखी सरकत जाते. पहिल्यांदा बघणाऱ्याला खाली चाकं असावीत अशी खात्रीच वाटते. चाकं नसतात. झग्याखाली पाय अर्धवट चवड्यांवर, अगदी लहान लहान, भराभर पावलं टाकत असतात. गुडघा जरा कमी-जास्त वाकला की खांदे वरखाली होतील आणि चाकांचं गुपित फुटेल, म्हणून सगळे धक्के पायांतच जिरवायचे. झग्याचा घेर जमिनीच्या जितका जवळ, तितका भास पक्का. एखादा नाचणारा पाय क्षणभर जरी दिसला तरी ते नुसतं जलद चालणं होऊन बसेल.

मूनवॉकमध्ये, म्हणजे पुढे चालल्यासारखं दाखवत मागे सरकण्याच्या नाचात, तर पाय झाकलेलेही नसतात. मायकल जॅक्सनने तो १९८३ च्या मार्चमध्ये चित्रित झालेल्या एका टीव्ही कार्यक्रमात केला आणि जगाला कळला. त्याआधी बिल बेली नावाच्या टॅप नर्तकाने १९५५ मध्येच तो केलेला आहे, आणि रस्त्यावरच्या नर्तकांमध्ये त्याला बॅकस्लाइड म्हणत. (गिमलीही १९८३ चंच. त्या वर्षी जगात बरंच काही आवाज न करता सरकत होतं.) त्याची फोड अशी: एक पाय चवड्यावर, टाच वर, गुडघा वाकलेला, दुसरा पूर्ण टेकलेला. आपली नजर उचललेल्या टाचेकडे जाते आणि आपण समजतो की हाच पाय चालतोय. सगळा भार मात्र त्याच पायावर असतो आणि तो जागचा हलत नाही. टेकलेला दिसणारा पाय रिकामा असतो, आणि तोच मागे ओढला जातो. तो पुरेसा मागे गेला की क्षणात टाचांची अदलाबदल. उघड्या पायांनी केलेली ही लपवाछपवी मला झग्याखालच्यापेक्षाही जास्त आवडते.

बर्फाबद्दल थोडक्यात. स्केटरच्या वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून तो निसरडा, हे शाळेत सांगितलेलं कारण पुरेसं नाही; तेवढ्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू फारच थोडा खाली येतो, आणि साध्या बुटांनीही बर्फावर माणसं घसरतातच. मायकल फॅरडेने १८५० मध्येच सुचवलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पातळ, द्रवासारखा थर असतो. वरच्या रेणूंना धरून ठेवायला वरून कुणी नसतं, ते सैल असतात. बर्फ सर्वांत निसरडा उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, शून्याला नव्हे; शून्याजवळ तो इतका मऊ होतो की पातं रुततं. पण नुसत्या निसरडेपणावर स्केटिंग होत नाही. पातं लांबीच्या दिशेने जवळजवळ फुकट सरकतं आणि आडव्या दिशेने बर्फात घट्ट चावतं. त्या आडव्या चाव्यावर पाय रेटून स्केटर वेग कमावतो. तो चावा आपल्याला दिसत नाही, पातं बर्फ खरवडतं त्याची कर्रकर्र मात्र जवळ उभं राहिलं तर ऐकू येते. टीव्हीवर संगीत लावून तीही काढून टाकतात.

हा शब्द ध्वनिशास्त्रातही आहे, आणि तिथे आपण सगळेच दिवसभर ग्लाइड करत असतो. ‘इ’ आणि ‘आ’ एकामागोमाग घाईत म्हणून बघा. मध्ये ‘य’ आपोआप येतो. ‘उ’ आणि ‘आ’ म्हटलं की ‘व’. जीभ कुठेही टेकत नाही, एका स्वराच्या जागेवरून दुसऱ्याच्या जागेकडे जाते आणि त्या जाण्यालाच आपण व्यंजन म्हणतो. ध्वनिशास्त्र त्याला ग्लाइड म्हणतं. आपल्या वैयाकरणांनी त्याला अंतःस्थ म्हटलं, मधलं, आणि पाणिनीने ‘इको यणचि’ या पाच अक्षरी सूत्रात नियमही बांधून टाकला: प्रति आणि एक मिळून प्रत्येक, सु आणि आगत मिळून स्वागत. संगीतातल्या मींडेलाही असंच दोन सुरांमधलं जाणंच हवं असतं, म्हणून ती सारंगीवर येते आणि पेटीवर येत नाही. पियानोवरचा ग्लिसांदो तर शुद्ध फसवणूक आहे. बोटाचं नख पट्ट्यांवरून फिरतं आणि प्रत्येक पट्टी वेगळी, सुटी वाजते. कान त्या भराभर वाजलेल्या सुट्या सुरांना सलग मानून घेतो.

कानाचं आणि डोळ्याचं हे मानून घेणंच या क्रियापदाला पोसतं. म्हणून एखाद्याची परीक्षा, कारकीर्द किंवा आयुष्यच ‘ग्लाइड करत गेलं’ असं कुणी लिहिलेलं वाचलं की मला त्या लेखकाचा संशय येतो. त्याने दुरून पाहिलंय.

ग्लायडरच्या डावीकडचा तो निळा दांडा राहिलाच. तो एअरब्रेकचा. ग्लायडर हवेत इतका बेमालूम सरकतो की त्याला खाली आणणं हीच अडचण होते. जमिनीजवळ तो तरंगतच राहतो, धावपट्टी संपते तरी उतरत नाही. म्हणून निळा दांडा ओढला की पंखांतून उभ्या फळ्या वर येतात आणि तो गुळगुळीत प्रवाह मुद्दाम बिघडवतात. दूरच्या पल्ल्याला निघालेल्यांची अडचण उलटी. चढणारी हवा कधीतरी सापडेनाशी होते, आणि तळापासून पन्नास-साठ किलोमीटरवर एखादं बरंसं शेत पाहून उतरावं लागतं. यात कुणाला कमीपणा वाटत नाही, खेळाचाच भाग आहे. मग फोन जातो, आणि संध्याकाळी मित्रमंडळी आठ-नऊ मीटर लांबीची ट्रेलर मागे लावून, अरुंद रस्त्यांवर वळणं घेता घेता वैतागत, शोधत शोधत येतात. पंखांच्या मुळाशी असलेल्या खिळी काढायच्या आणि एकेक पंख उचलून ट्रेलरमध्ये सरकवायचा. टोकाकडची बाजू एका हाताने पेलते, मुळाकडची चांगलीच जड असते. तिकडे कोण लागणार यावरून दर वेळी थोडी कुरबुर होते, आणि उडून आलेला माणूस बहुधा टोकाकडे आधीच जाऊन उभा असतो.